खोट्या घड्याळाला तिकीट नाही

पांढरीपांडे मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी कॉलेजच्या सभागृहात एका प्राध्यापकांनी भाषण केलं. "मैडम का स्वभाव थोड़ा कड़क था," ते म्हणाले, "मगर दिल की बहुत अच्छी थीं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या कार्यक्रमासाठी नागपूरहून आले होते आणि मागच्या रांगेत बसले होते. नंतर जिन्यावर मॅडमनी मला गाठलं. एका हातात शाल आणि नारळ, दुसऱ्या हातात कुणीतरी भेट दिलेलं चौकटीतलं चित्र.

"ऐकलं? स्वभाव वाईट, दिल चांगलं. काम कसं होतं ते कोणीच नाही बोललं."

"त्यांना आपलं काम कळत नसेल, मॅडम."

"मग बोलायला काहून उभे राहतात?"

म्हणून मी हे लिहिते आहे. मॅडमचं दिल कसं होतं हा माझा विषय नाही. त्या कडक होत्या, आणि त्यांचं सगळं काम त्या कडकपणातच होतं. तो बाजूला काढून त्यांचं कौतुक करायचं असेल तर ते मला मान्य नाही.

जबलपूरला रिछाईकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे मॅडम, एक जुना सर्व्हर, आणि कंत्राटावर घेतलेली मी, एवढाच विभाग. विद्यार्थी, प्राध्यापक, लेखा विभाग, वसतिगृह, सगळ्यांची नावं आणि कुणाला काय उघडायची परवानगी आहे याची एक मोठी यादी त्या सर्व्हरवर असायची. तिला डिरेक्टरी म्हणतात. सकाळी कॉलेजात कुणीही कॉम्प्युटर चालू केला की आधी आमच्या डिरेक्टरीकडे विचारणा व्हायची, हा माणूस तोच आहे का म्हणून. हे सगळं मॅडमनी एकटीने उभं केलं होतं, आणि त्यासाठी एक ओपन सोर्स लायब्ररी वापरली होती. म्हणजे जगात कुणीकुणी मिळून लिहिलेला, कुणीही फुकट वापरावा, वाचावा, दुरुस्त करावा असा प्रोग्रामचा संच.

मॅडमचे वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. मॅडम जबलपुरातच जन्मल्या, तिथल्याच गोरखपूर भागात वरच्या मजल्यावर राहायच्या, लग्न केलं नाही. घरात मराठी, बाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्ही. कॉलेजात सगळे त्यांना पांडे मैडम म्हणायचे. त्या दर वेळी थांबवायच्या. "पांढरीपांडे. पांडे जी मेरे पड़ोसी हैं, उनसे काम हो तो शाम को आइए." समोरचा हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

मी सौंसरची, नागपूरजवळच्या संत्र्याच्या गावची. माझे वडील संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावर होते, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मुलाखतीला मी कागदांची पिशवी छातीशी धरून बसले होते. मॅडमनी कागद मागितलेच नाहीत. एक चुकीचा प्रोग्राम समोर ठेवला आणि म्हणाल्या, "काय चुकलं ते नको सांगू. ज्यानं लिहिला त्याला काय वाटलं असेल, ते सांग." मी चाचरत काहीतरी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चलो. उद्यापासून ये. डबा आण, इथल्या कँटीनचं तेल बरोबर नाही."

दुसऱ्याच दिवशी मला त्यांचा पहिला नियम कळला. मेकॅनिकलच्या एका सरांचा फोन आला. त्यांचं लॉगिन अडलं होतं. "बेटा, लिख लो," ते म्हणाले आणि फोनवरच पासवर्ड सांगायला लागले. मी पेन उचललं. मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सर, अब ये जूठा हो गया. नया रखिए."

"जूठा? पासवर्ड जूठा होता है क्या, पांडे मैडम?"

"पांढरीपांडे. और हाँ, होता है. आपने इसे दिया, इसने लिया. मैंने बंद कर दिया है. यहाँ आकर अपने हाथ से नया डालिए."

सर तणतणत आले. मॅडमनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला, स्वतः खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि मलाही वळवून बसवलं. सर नवीन पासवर्ड टाकेपर्यंत आम्ही दोघी भिंत बघत होतो.

तेव्हा मला तो जरा अतिरेक वाटला. कॉलेजात प्रत्येक साहेबाचा पासवर्ड त्याच्या शिपायाला पाठ असायचा. साहेब यायच्या आधी शिपाई कॉम्प्युटर उघडून, पंखा लावून, पाण्याचा ग्लास झाकून ठेवायचा. ती सेवा समजली जायची. मॅडमना ते उष्टं ताट पुढे केल्यासारखं वाटायचं, आणि त्या ते प्रत्येकाला तोंडावर सांगायच्या.

अडचण अशी होती की आमची स्वतःची व्यवस्थाही या बाबतीत सोवळी नव्हती. आम्ही वापरत होतो त्या लायब्ररीत ओळख पटवायची एकच पद्धत होती. नाव आणि पासवर्ड, दोन्ही उचलून सर्व्हरकडे पाठवायचे. वाटेवर झाकण होतं, पण पासवर्ड घराबाहेर पडत होताच. मग एका वर्षी बाहेरून तपासणी करणारे लोक आले. त्यांनी लिहून दिलं की हे बंद करा, पासवर्ड प्रवासाला न जाता ओळख पटेल अशी पद्धत आणा. एका कंपनीचा माणूस चकचकीत माहितीपत्रक घेऊन डायरेक्टर साहेबांच्या खोलीत दिसायला लागला. कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर आमच्या खोलीची गरज उरली नसती. मॅडमची निवृत्ती जवळ होती, त्यांना कुठेतरी बसवलं असतं. माझं कंत्राट मात्र त्याच खोलीशी बांधलेलं होतं.

डायरेक्टर साहेब मॅडमना म्हणाले, "आपकी लाइब्रेरी में तो ये है ही नहीं."

"नहीं है, तो डाल देंगे, सर."

"आप डालेंगी?"

"लिखनेवाले भी दो हाथवाले ही हैं."

आणि मॅडम लिहायला बसल्या. तिकिटाची पद्धत. त्यांनी मला ती अशी समजावली. सकाळी एका खिडकीवर जाऊन एकदा सिद्ध करायचं की तू तूच आहेस. तिथेही पासवर्ड सांगायचा नाही. "तुझ्या आईची वांग्याची भाजी मला माहीत आहे असं समज. मी तुला माझ्याकडचं सामान देते. तू करून आण. चव घेतली की मला कळते, ही सौंसरचीच. कृती तू सांगितली नाही, मी विचारली नाही. आणि उद्या मी सामान बदलून देईन, म्हणजे कालची भाजी कोणी गरम करून आणली तर चालणार नाही." हे झालं की खिडकी तुला दिवसभराचं तिकीट देते. मग डिरेक्टरी असो, मेल असो, छपाई असो, तिकीट दाखवायचं. तिकिटाबरोबर वेळ जाते. दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की तिकीट नाकारायचं, कारण कुणीतरी मघाशी चोरलेलं आता वापरत असू शकतं.

मी म्हटलं, "मॅडम, आपल्यापुरतं करून मोकळं होऊ या ना. त्या बाहेरच्या लोकांना कशाला पाठवायचं? ते शंभर चुका काढतील."

"एवढी वर्षं त्यांच्या पंगतीत फुकट जेवून राहिलो. एक दिवस तरी आपण वाढायला नको? आणि चुका काढतील तर काढू दे. आपल्यापुरत्या केलेल्या कामात कोण चुका काढतं? म्हणून तर ते सडतं."

चुका काढल्याच. लायब्ररीची जबाबदारी आर्ने नावाच्या एका माणसाकडे होती, तो उत्तर युरोपात कुठेतरी राहायचा. मॅडमनी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या त्याला म्हातारा म्हणायच्या. म्हाताऱ्याचं पहिलं उत्तर आलं की हे एकदम फार आहे, लहान तुकडे करून पाठवा, प्रत्येक तुकड्याबरोबर चाचण्या पाठवा. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि खोलीत फेऱ्या मारायला लागल्या. भांडताना त्या उभ्या राहूनच भांडायच्या, समोर माणूस नसला तरी.

"तुकडे पाहिजेत त्याला. मी काय भोपळा पाठवून राहिली?"

मग बसल्या आणि तुकडे केले. नाराजी होती, पण तुकडे करता करता त्यांनाच स्वतःच्या दोन चुका सापडल्या. त्या त्यांनी आर्नेला कळवल्या, आपणहून. चाचण्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्या मॅडमच्या नावावर पाठवणार होते, तर त्यांनी मला अडवलं.

"काहून माझ्या नावावर? लिहिलं तू."

"मी कंत्राटावर आहे, मॅडम."

"तिथं कंत्राट विचारत नाहीत. पूर्ण नाव लिही. सुषमा ढोके. आडनाव खाऊ नको."

मी लिहिलं. सौंसरच्या ढोक्यांपैकी कुणाचं नाव त्याआधी रेशन कार्डाच्या फार पलीकडे गेलं नव्हतं. मी ते पडद्यावर बराच वेळ बघत बसले. मॅडमनी दोन वेळा "झालं का?" विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही.

खरं भांडण पुढे झालं. आर्नेने सुचवलं की तिकीट चाललं नाही तर लायब्ररीने आपोआप जुन्या पद्धतीवर यावं, म्हणजे पासवर्ड पाठवून काम पुढे न्यावं. लोकांची अडवणूक होणार नाही. बऱ्याच जणांची तशी मागणी होती. मॅडमचं इंग्रजी लहान लहान वाक्यांचं होतं. त्यांनी लिहिलं की मी सहमत नाही, कारण खाली देते. आणि कारण दिलं ते मला अजून पाठ आहे, कारण आधी त्यांनी ते मला मराठीत ऐकवलं होतं.

"ज्याला चोरी करायची आहे तो काय करेल? तिकीट बिघडवेल. मग लायब्ररी गुपचूप पासवर्ड काढून त्याच्या हातावर ठेवेल. मग आपण केलं काय? कुलूप लावलं आणि किल्ली तिथंच खिळ्याला टांगली."

आर्नेने युक्तिवाद केला. मॅडमनी केला. आणखी दोघं-तिघं मध्ये पडले, त्यातला एक मॅडमना म्हणाला की तुम्ही व्यवहार बघत नाही. मॅडमनी लिहिलं की मी रोज व्यवहारच बघते, तो माझ्या खोलीच्या बाहेर रांग लावून उभा असतो. शेवटी आर्नेने मान्य केलं. तिकीट नाही चाललं तर लायब्ररी थांबेल, आणि काय बिघडलं ते स्वच्छ शब्दांत सांगेल. तो निरोप मॅडमनी स्वतः लिहिला. पुढच्या आवृत्तीत त्यांचं सगळं काम आलं. मॅडमनी शेवयांची खीर आणली आणि म्हणाल्या, "म्हातारा ऐकतो. इथले नाही ऐकत."

इथले म्हणजे डायरेक्टर साहेब. आता त्यांच्या घड्याळाबद्दल सांगायला हवं. साहेबांना शिस्तीची आवड होती. लोक उशिरा येतात म्हणून त्यांनी कॉलेजातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे करून ठेवली होती. वर्गांतली, गेटवरची, कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरचीसुद्धा. त्याला सगळे डायरेक्टर टाइम म्हणायचे. लवकर त्यामुळे कुणीच येत नसे, फक्त सगळ्यांची वजाबाकी पक्की झाली होती. साहेबांचे सहायक तिवारीजी ही घड्याळं सांभाळायचे. नवीन कॉम्प्युटर आला की त्याची आपोआप वेळ जुळवायची सोय ते आधी बंद करायचे आणि मग हाताने दहा मिनिटं सरकवायचे. आमची खोली तेवढी यातून सुटली होती. तिवारीजी एकदा आले होते. मॅडम म्हणाल्या, "तिवारी जी, इस कमरे में झूठ नहीं चलता, मशीन बीमार हो जाती है." ते पुन्हा आले नाहीत. बाकीची घड्याळं नवी पद्धत मंजूर झाली की नीट करून घेऊ, असं मॅडम म्हणायच्या.

निर्णय घ्यायला समिती बसली. बाहेरून दोन तज्ज्ञ आले होते, कंपनीचा माणूस होता, डायरेक्टर साहेब होते. आम्ही आमच्या खोलीत सगळं आदल्या दिवशी चालवून पाहिलं होतं, नीट चाललं होतं. पण बैठकीच्या खोलीत तिवारीजींनी सकाळी एक नवीन कॉम्प्युटर मांडला होता. समितीसमोर सगळं टापटीप दिसावं म्हणून. आणि पाहुण्यांना भिंतीवर एक आणि पडद्यावर दुसरी वेळ दिसू नये म्हणून त्यांनी त्याची वेळही डायरेक्टर टाइमला आणून ठेवली होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही पोचलो तोवर बैठक सुरू होऊन कंपनीच्या माणसाचं दाखवूनही झालं होतं.

मॅडमनी नाव टाकलं. पडदा एक क्षण थांबला आणि त्यांनीच लिहिलेला निरोप आला की या यंत्राचं घड्याळ जुळत नाही, तिकीट नाकारलं.

मी कोपऱ्यात उभी होते. मॅडमनी पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ पाहिली, मग मनगटावरची, आणि मला वाटतं आपण लिहिलेलं चोख चाललं म्हणून त्यांना आतून बरंच वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज अगदी शांत होता.

"सिस्टम ठीक है. घड़ी ग़लत है. एक मिनट में ठीक कर देती हूँ." त्यांनी माउसकडे हात नेला.

"घड़ी को हाथ मत लगाइए, मैडम," डायरेक्टर साहेब म्हणाले. पाहुण्यांसमोर आपलं घड्याळ चुकीचं निघावं हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. "पूरा कॉलेज इसी टाइम पर चलता है."

"फिर ये नहीं खुलेगा, सर."

"कंपनीवाला तो खुल गया था इसी मशीन पर."

"वो क्यों खुला, ये उनसे पूछिए."

तज्ज्ञांपैकी एकाने कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, आमच्याकडे ग्राहकाची सोय बघितली जाते, तिकीट फसलं तर पासवर्डने होऊन जातं, वापरणाऱ्याला कळतही नाही. तज्ज्ञ हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मॅडमनी माउसवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला. पडद्यावर तो निरोप तसाच होता. त्या उठल्या नाहीत, माफी मागितली नाही, दुसरं काही दाखवायचा प्रयत्नही केला नाही. सगळे निघून जाईपर्यंत बसून राहिल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मॅडम, आर्नेचं ऐकलं असतं तर आज..."

"उघडलं असतं," त्या म्हणाल्या. "माहीत आहे मला."

त्यानंतर आठवडाभरात साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. खोलीत गेल्यावर चहा मागवला, तेव्हाच मला शंका आली.

"मैडम, आपका काम अच्छा है. समितीवाले भी कह रहे थे. बस एक लाइन की बात है. टिकट न चले तो पासवर्ड से खोल दीजिए. सिर्फ़ अपने कॉलेज के लिए. आपका सेक्शन भी रहेगा, ये लड़की भी रहेगी. किसी को पता भी नहीं चलेगा."

"वही तो, सर. किसी को पता नहीं चलेगा."

"तो?"

"तो नहीं होगा."

"आप ज़िद कर रही हैं."

"आप दस मिनट पीछे आ जाइए, सर. आज शाम तक सब खुल जाएगा. मैं बैठकर करवा दूँगी."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "घड़ी डिसिप्लिन है, मैडम."

"ये भी है, सर."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली बघत होते. मनात म्हणत होते, एक ओळ, मॅडम, एकच ओळ. हे मी लपवत नाही. घरी पैसे जात होते. मॅडमना ते माहीत होतं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, ढोके."

व्हरांड्यात त्या नेहमीसारख्या भराभर चालल्या नाहीत. कडुलिंबाच्या झाडाजवळ थांबल्या.

"तुझं काँट्रॅक्ट जाईल."

"हो."

"तुला विचारायला पाहिजे होतं, असं वाटून राहिलं असेल."

मी झाडाच्या सालीचा एक पापुद्रा नखाने सोलला.

"विचारलं असतं तरी हेच केलं असतं. मग विचारायचं नाटक काहून करायचं?" थोडं थांबून म्हणाल्या, "राग आला तर ये. बस घरी माझ्या समोर. जितकं बोलायचं तितकं बोल."

राग आला होता. दोन दिवस होता. मी घरी फोन करून वडिलांना सांगितलं की नोकरी जाते आहे. ते म्हणाले, "काहून? काही उचललं का?"

"नाही, बाबा. मॅडमनी एक चुकीचं काम करायला नाही म्हटलं."

मागे पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. "मग ये घरी," ते म्हणाले, "पोळी आहे."

कंपनी आली, आमची खोली गेली. मॅडमना निवृत्तीपर्यंत मुलींच्या वसतिगृहाच्या कार्यालयात बसवलं, पंख्यांच्या आणि नळांच्या तक्रारी घ्यायला. साहेबांना वाटलं होतं, या खचतील. त्या वर्षी वसतिगृहातले सगळे पंखे चालले. वायरमन मला पुढे एकदा भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, "दीदी, वो मैडम सिर्फ़ शिकायत नहीं लिखती थीं, पीछे लगती थीं."

मला नागपूरला नोकरी मिळाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझे कागद चाळता चाळता त्या लायब्ररीत माझं नाव शोधलं आणि माझ्या चाचण्या वाचत बसल्या. "हे तुम्ही लिहिलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आणि पुढे मॅडमचं नाव सांगितलं, पूर्ण, काही न खाता. कॉलेजातली घड्याळं, ऐकते, अजून पुढेच आहेत.

मॅडम निवृत्त झाल्यानंतरच्या थंडीत मी जबलपूरला गेले होते. शहपुऱ्याकडचा मटर बाजारात उतरला होता, गोरखपुरात प्रत्येक गाडीवर हिरवे ढीग. मॅडमच्या घरी गेले तर त्या दिवाणखान्यात जमिनीवर परात घेऊन बसलेल्या, डोळ्यांना काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला सक्त मनाई केली होती, म्हणून त्या मटर सोलत होत्या, नुसत्या बोटांनी चाचपून.

"कोण? ढोके? बस. तो लॅपटॉप उघड आधी. म्हाताऱ्याचं काय आलं ते वाच. चार दिवस झाले, शेजारच्या पांडेजींना वाचायला लावलं तर ते अर्धं सोडून देतात."

आर्नेने दोन वर्षांपूर्वीच ओळख पटवण्याचा तो सगळा भाग मॅडमकडे सोपवला होता. त्यात काही बदलायचं तर मॅडमचा होकार लागायचा. त्याने आता लिहिलं होतं की एका मोठ्या परदेशी कंपनीच्या इंजिनिअरने बदल पाठवला आहे. तिकीट फसलं तर गुपचूप पासवर्ड पाठवायचा. त्यांचे हजारो ग्राहक आहेत, ते मागे लागलेत, कंपनीने लायब्ररीला मदत द्यायचीही तयारी दाखवली आहे. आर्ने स्वतः थकला होता, हे त्याच्या वाक्यांवरून कळत होतं. शेवटी लिहिलं होतं की तुम्ही हो म्हणालात तर मी घेऊन टाकतो. निर्णय तुमचा.

मी वाचून संपवलं. मॅडमचा अंगठा शेंगेवर थांबला होता.

"मदत कसली म्हणतो?"

"लिहिलं नाही. पैसेच असतील."

"अच्छा." त्यांनी शेंग फोडली, दाणे परातीत पडले. "लिही. प्रिय महोदय."

"तिथं प्रिय महोदय लिहीत नाहीत, मॅडम."

"मग नुसतं लिही. नाही."

मी लिहिलं.

"कारण खाली देते, असं लिही. दार उघडलं नाही की माणूस ओरडतो. ओरडला की कोणीतरी येऊन बघतं, काय बिघडलं. गुपचूप उघडलं तर कोणी ओरडणार नाही, आणि कोणी बघणार नाही. तुमचे हजारो ग्राहक ओरडून राहिले, ते बरोबर करून राहिले. त्यांना गप्प करायला माझी लायब्ररी नाही." त्या थांबल्या. "माझी नको. आपली लिही."

"आपली लिहिलं."

"आणि खाली एक लिही. कोणतं यंत्र, त्याचं घड्याळ किती पुढं, कुठं जाऊन नीट करायचं, हे सगळं निरोपात दिसलं पाहिजे. ते आत्ता नीट दिसत नाही, ती माझी कमी आहे. हा चष्मा निघाला की ते काम मी करते. त्या इंजिनिअरला विचार, मदत करतो का. त्याचं नाव वर घालू."

मी ते इंग्रजीत बसवलं, लहान लहान वाक्यांत, त्या लिहायच्या तसंच. वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी मनाने "क्षमस्व" घातलं होतं, ते त्यांनी काढायला लावलं.

"आर्नेला वाईट वाटेल, मॅडम. त्याला हो पाहिजे होतं."

"त्याला हो पाहिजे असतं तर त्यानं मला विचारलं नसतं." त्यांनी परात माझ्याकडे सरकवली आणि एक मूठभर शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या. "पाठव."

मी बटण दाबलं. काळ्या चष्म्याआड त्यांचे डोळे दिसत नव्हते, पण मान माझ्याकडे वळलेली होती आणि अंगठा पुढच्या शेंगेचा सांधा शोधत होता.

"गेलं का?"

"गेलं."

"चलो," त्या म्हणाल्या, आणि शेंग फुटली. "आता दुसरं वाच. अजून कोण काय म्हणून राहिलं?"